पोटाचा भार

नोदारचं पोट भट्टीच्या काठावर टेकायचं,
मग तो कमरेपर्यंत आत उतरायचा,
तापल्या भिंतीवर पाव थापायचा,
आणि तेच पोट त्याला बाहेर खेचून आणायचं.
कुताइसीतली आमची अख्खी गल्ली म्हणायची,
चरबी चढलीय याला.

मार्चमध्ये उजवं अंग गेलं.
शब्द दोनच उरले: "नाही", आणि "पुरी".
आमच्याकडे पावाला पुरी म्हणतात.

डॉक्टर तमुना, जी दहा वर्षं
त्याला वजनावरून झापत आली,
आता वाटीवर चमचा आपटते: खा.
बरगड्या दिसायला लागल्या
तर मी उभं कुणाला करू?

शेजारच्या खाटेवरचा घड्याळवाला, काडीसारखा,
सातव्या दिवशी गेला.
कशानं, ते कुणी सांगितलं नाही.
मी विचारलंही नाही.

रात्री गुडघा रोवून, चादर ओढून
मी नोदारला कुशीवर वळवते.
ज्या पोटाला जन्मभर टोमणे मारले
ते आधी वळतं,
माणूस मागून येतो.

पट्ट्याला खिळ्यानं तीन नवी भोकं पाडलीत.
कुठं गेलं एवढं सगळं?
काल उजवा अंगठा हलला. जेमतेम.
तिथंच गेलं असेल, म्हणते मी.

आज त्याच्या तळव्यात कणकेचा गोळा ठेवला.
दाबला नाही. धरला नुसता.
मग म्हणाला, "पुरी."
भूक लागली होती,
की हातातल्या वस्तूचं नाव सांगत होता?

मी लोणी जाडच लावलं.