स्वयंपाक

राजारामपुरीत माझी खानावळ. साठ डबे.
पहाटे चारला उठतो मी.
बाई असून ‘उठतो’. आमच्याकडं बायका असंच बोलतात,
पुण्याच्या पोरी हसतात. हसू देत.

माळ्यावरची खोली चंदगडच्या अश्लेषा गावडेला दिलेली.
विद्यापीठात झाडांचं शिकते.
एका रविवारी रंकाळ्यावरनं, संध्यामठाच्या बाजूनं,
तीन बाटल्या हिरवं पाणी घेऊन आली
आणि ठेवल्या कुठं, तर माझ्या खिडकीत,
मिठाच्या बरणीला लागून.
म्हणाली, मावशी, इथं ऊन चांगलं येतंय.
मी म्हटलं, वासपण येणार.

दोन दिवस बोललो नाही तिच्याशी.

तिसऱ्या दिवशी
रश्श्याचा कट वाटीत काढताना नजर गेली.
बाटलीतल्या शेवाळाला बारीक बारीक बुडबुडे.
एक सुटायचा, वर यायचा, मग दुसरा.
आधण आल्यासारखं. पण खाली जाळ नाही,
हात लावला तर काच नुसती कोमट, उन्हानं.

हे काय चाललंय गं?
स्वयंपाक, ती म्हणाली.
ह्यांना ना मूळ, ना पान,
काही तर सुईच्या टोकावर शंभर बसतील एवढे.
पण ऊन, पाणी आणि आपण सोडलेला श्वास घेतात
आणि आपलं आपण करून खातात.

स्वयं-पाक.
बत्तीस वर्षं तोंडात असलेला शब्द
त्या दिवशी भातातल्या खड्यासारखा दाताखाली आला.
मी करतो त्यातलं ‘स्वयं’ कुठाय?
साठ जणांचं करून झाल्यावर
पातेल्याच्या कडेला जे राहतं, ते?

पुढच्या आठवड्यात तिनं माझ्या जास्वंदीच्या एका पानाला
काळ्या कागदाची पट्टी लावली, दोन्हीकडनं क्लिपा.
दोन दिवसांनी पान तोडलं.
माझ्या दुधाच्या पातेल्यात गरम पाणी,
पाण्यात काचेचा ग्लास, ग्लासात स्पिरिट,
(गॅस आधी बंद कर म्हणून तीच ओरडली)
पानाचा सगळा हिरवा रंग उतरला,
धुऊन धुऊन विरलेल्या लुगड्यागत झालं.
मग वरनं आयोडीन.
बघता बघता पान निळंकाळं,
फक्त मधला पट्टा फिका.

इथं ऊन पोचलं नाही, ती म्हणाली.
इथं काही शिजलंच नाही.

मी मनगट पदराखाली घेतलं.
गेल्या साली दिरासाठी पाटल्या मोडल्या,
त्या जागी तसलाच पट्टा आहे अजून.
दीर रोज एकला येतो, पाटावर बसतो,
मटणातली नळी त्यालाच लागते.
बांडगूळ आहे मेलं, मी म्हटलं.

तसं नाही मावशी, पोरगी एकदम गंभीर,
बांडगुळाला हिरवी पानं असतात.
ते दुसऱ्याचं पाणी चोरतं,
पण चूल स्वतःची पेटवतं.

घ्या. म्हणजे इतकी वर्षं
मी बांडगुळाला उगाच बोल लावला.
दिराला अमरवेल म्हणायला पाहिजे होतं,
ती पिवळी, बिनपानाची,
कुंपणभर सुखानं लोळणारी.

परीक्षा झाली, अश्लेषा गावी गेली.
दोन बाटल्या नेल्या, एक राहिली की ठेवली, माहीत नाही.
एकदा पाहुणे येणार म्हणून फळीमागं लपवली होती मी,
चार दिवसांत शेवाळ तळाला जाऊन बसलं, गप.
परत खिडकीत ठेवली. मिठाची बरणी हलवली थोडी.

आता तव्यावरची पहिली भाकरी डब्यात जात नाही.
खिडकीशी उभा राहून खातो मी,
ठेचा, दही, कांदा असला तर कांदा,
तोंडावर ऊन घेऊन.
साठ डबे उघडे पडलेले असतात
आणि सायकलवाला बजरंग दारात घंटी वाजवत असतो.

मावशी, डबे?
थांब जरा. शिजतंय.
तो आत डोकावतो.
गॅस तर बंद हाय की.