तिसरी तबकडी

मिशन दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मिरज सोडताना
तीन तबकड्या देऊन गेल्या.
तिन्हींवर रचना एकच:
पियानो, व्हायोलिन, चेलो, मागे अख्खा वाद्यवृंद.

रविवारी दस्तगीर येतो ऐकायला,
नखांत लाखेची पूड.
पहिलीला म्हणाला, "तिघंबी उस्ताद.
पन एका खोलीत बसल्यागत वाटत न्हाईत."
दुसरीला, "त्या थोरल्याचं लाकूड कोवळं हाय,"
आणि चहा बशीत ओतला.

तिसरी जुनी, खरखरणारी.
मधल्या संथ भागात चेलो एकटा निघतो,
त्याआधी वाजवणारा श्वास घेतो,
नाकातून, जड, पडसं झाल्यासारखा.
इतकी वर्षं मी तो दोष धरत आलो.
दस्तगीरनं सुई उचलून मागं ठेवली.
पुन्हा.
पुन्हा.
"बाकीची दोगं थांबल्यात बघा," म्हणाला,
"त्यांनी ऐकलाय त्यो."

त्याच्या दुकानात भोपळा थोरला कोरतो,
दांडी मधला बसवतो, जवारी हा काढतो.
वाटणीपासून तिघांत बोलणं नाही.
सतारी जातात पार कलकत्त्यापर्यंत.

उठताना तिसरी मागितली त्यानं.
त्याच्याकडे वाजवायला यंत्र नाही,
मला ठाऊक होतं.
वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.