पकड

सीपीआरच्या वॉर्डात रात्री दोनला
आप्पांच्या बोटाला चिमटा लावलाय.
लाल उजेड नखातून आरपार जातो
आणि आकडा उमटतो: एक्याण्णव. नव्वद. एक्याण्णव.
ह्याच बोटांत एकदा मनगट सापडलं
की सुटायचं नाही, असं सांगतात तालमीत.

"काय मोजतंय गं ते?"

चार वर्षं विद्यापीठात मी हेच शिकतेय.
घरात पहिल्यांदा कुणी विचारलं.
सांगते: एक कुळी आहे, आप्पा. ग्लोबिनांची.
"म्हंजी भावकी?"
भावकीच.

वडणग्याच्या रानात भुईमूग उपटा,
मुळांवरची गाठ नखानं फोडा,
आत गुलाबी.
तो आपल्या रक्ताचाच लांबचा चुलता.
पण तिथं त्याची नेमणूक राखणीला:
प्राणवायू मोकाट फिरू द्यायचा नाही,
मोजून, हातातल्या हातात द्यायचा,
नाहीतर नत्र रांधणारे जिवाणू
चुलीपाशीच गारद.

रंकाळ्याच्या तळाला, जलपर्णी कुजते त्या चिखलात
तांबड्या अळ्या वळवळतात.
श्वास घ्यावा असं काही उरलेलं नाही तिथं,
तरी ह्याच कुळीतल्या एकाच्या जिवावर
तग धरून असतात.

मेंदूतही एक आहे.
"त्यो काय करतोय?"
नक्की कळलेलं नाही अजून.
"आसतोय की. परत्येक भावकीत एक आसतोय,
दिवसभर पारावर बसल्याला."

हसताना खोकला येतो. अठ्ठ्याऐंशी.
मी मास्क सारखा करते.

अक्षरं जुळवायला बसलं
तर भुईमुगाची आणि आपली शंभरात वीसही जुळत नाहीत.
घडी मात्र तीच.
आठ वेटोळी, मधोमध लोखंडाचा एक कण,
आणि त्याला खालून धरून बसलेला एक हिस्टिडिन.
भांडी वाटली, विहीर वाटली,
देव्हाऱ्यातला टाक तेवढा
कोट्यवधी वर्षं कुणी हलवला नाही.

तुमच्या मांडीतला घट्ट धरतो, आप्पा.
रक्तातला त्याच्याहून सैल.
"सैल? मग त्यो हारला की."
नाही. सोडतो, म्हणून तर पोचतं.

बराच वेळ नुसता सिलिंडरच्या बाटलीतला बुडबुडा.
मग मास्कमधून, धुरकट:
"वस्ताद म्हणायचा,
धराया रेडाबी शिकतोय.
सोडायचं कवा, त्याला जलम जातोय.

गडहिंग्लजच्या मैदानात
बाळू इसापुऱ्याचा खांदा
म्या सोडला न्हाई.
पंच वरडत हुता. आयकू येत हुतं मला."

आणि?

"त्येचा हात परत वर गेला न्हाई.
शिरोळात आसतोय. दूध घालतोय डेअरीला,
डाव्या हातानं."

मी काही म्हणत नाही.
ह्या भावकीत हे नाव कधी निघालं नव्हतं.

"उद्या हुडक त्येचा नंबर."

सिस्टर येते, चिमटा काढून दुसऱ्या बोटाला लावते.
बोटं गार पडली की यंत्राला रक्त दिसत नाही.
आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा.
मी त्यांचा हात माझ्या दोन्ही तळव्यांत घेऊन
चोळत बसते.