तळघर, फळी चार

पत्र आलं, तीन ओळींचं:
एक्क्याऐंशी सालच्या मे महिन्यात
ओमारूच्या जिल्हा कचेरीत पुराचं पाणी शिरलं,
तळघरातल्या बालगृहाच्या फायली त्यात गेल्या.
आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

गैरसोय.
चष्मा पुसून मी तो शब्द पुन्हा वाचला.

माझं नाव मेरेआना. वय बासष्ट.
चाळीस वर्षं मेंढ्यांच्या शेडमध्ये लोकर निवडते.
डोळे मिटून सांगते कुठली पाठीची, कुठली पोटाची,
कुठली भिजवून मग वाळवलेली.
बोटं खोटं बोलत नाहीत, साहेब,
त्यांना बढती नको असते.

तर बसने गेले.
काउंटरवरचा पोरगा, कॅलम, कानात बाळी,
म्हणाला, फाईल नाही हो.
म्हटलं, फाईल राहू दे. पाऊस दे.
त्या मे महिन्याचा.

त्यानं वही आणली, निळ्या कापडी पुठ्ठ्याची.
कुणीतरी रोज सकाळी नऊला
काचेची नळी उचलून डोळ्यांसमोर धरली होती:
शून्य. शून्य. दव.
शून्य दशांश दोन. शून्य.
इतकं बारीक लिहिता येत होतं यांना.

ही वही कुठं असायची रे?
त्यानं मागचा शिक्का पाहिला.
तळघर, फळी चार.
मग बराच वेळ तो बाळीशी चाळा करत राहिला.

मी पान चिमटीत धरलं.
कोरडं. जन्मापासून कोरडं.

पोरगा न सांगता उठला
आणि फळी चारचीच आणखी एक वही घेऊन आला:
बहात्तर सालचा धुलाईचा हिशेब.
खाट अकरा, चादर, चार सेंट.
खाट अकरा, चादर, चार सेंट.
मंगळवार. शुक्रवार. मंगळवार.

हे वार मला पाठ होते.
पन्नास वर्षं फक्त मलाच.
आज पहिल्यांदा
ते दुसऱ्या कुणाच्या अक्षरात वाचले,
आणि खुर्चीचा हात घट्ट धरला.

घरी येऊन मंत्रालयाला लिहिलं, मीही तीनच ओळी:
त्या महिन्यात पाऊस नव्हता.
दोन्ही वह्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.
मग पाणी नेमकं कुठं मुरलं, ते लेखी कळवावं.

पोस्टाची पावती बिस्किटांच्या डब्यात आहे.
आज एकेचाळिसावा दिवस.