शेड नंबर सत्तेचाळीस

गुरुवारी मकरपुऱ्यात लेथ बंद असतात,
म्हणून केयूर पांचाळच्या बापाचं शटर
अर्धं खाली ओढून 'गंज' वाजते.
बँडमध्ये तिघं. मी चौथा,
ऑइलच्या डब्यावर बसून नुसती मतं देणारा.

आजचं भांडण : तिसऱ्या गाण्यातली किंचाळी
कॅसेटवर ठेवायची की पुसायची.
धैर्यशील म्हणतो, पूस, लोक हसतील.
इला म्हणते, कुठले लोक?
मागच्या खेपेला अकरा जण होते,
त्यातला एक लाइटबिल वाटायला आलेला.
शेवटपर्यंत तोच थांबला.

घरी, दांडिया बाजारात, आई विचारते,
यांना शिकवतं कोण?
कुणीच नाही, आई.
ते ऐकूच येतं, म्हणते, आणि वरण ढवळत राहते.

मी विचारलं, तीन कॉर्डमध्ये मावतं तरी काय?
भाडं मावत नाही, केयूर म्हणाला,
बाकी बघू.

तेवढ्यात शटरखालून वाकून त्याचा बाप आत आला.
आम्ही गप्प. टेप चालूच.
मान तिरकी करून त्यानं किंचाळी ऐकली,
मशीन ऐकतो तशी,
आणि म्हणाला, बेअरिंग गेलंय.
मग केयूरनं बटणाकडे हात नेला, तर
रेवा दे, चालतंय ना अजून.

पन्नास कॅसेटी निघाल्या. कव्हरं हातानं कापलेली, वाकडी.
माझ्याकडे तेविसावी आहे.
तिच्यावर ग्रीसचा एक अंगठा उमटलाय.
कुणाचा, ते कुणी कबूल करत नाही.