नमुना क्रमांक सतरा

निफाडच्या खाली, कादवा गोदावरीला मिळते
त्याच्या जरा अलीकडे काठ उभा कापलेला आहे,
तीन पुरुष उंच.
वर द्राक्षबागेच्या मुळ्या लोंबतात,
तळाशी चुन्याने सांधलेले गोटे,
मधे पिवळट माती, थरावर थर,
धुऊन घडी घालून ठेवल्यासारखी.

सुदाम बेंडकोळी दोर धरून उभा.
मी लोंबकळत, दातांत मार्करचं टोपण,
पिशव्यांवर आकडे टाकते.
"मॅडम, ही माती आमच्या बांधावर पण आहे,"
तो वरून ओरडतो, "तिथून नेली असती, बसून."

प्रयोगशाळेत खल, चाळणी, ओव्हन.
भुकटी दाबून पेढ्याएवढी चकती,
चकतीवर क्ष-किरण,
मग कागदावर कुंडली उतरते.
बारा वर्षांत शिकले ते एवढंच:
सोडियम उतावळं, पाणी दिसलं की घर सोडतं,
कॅल्शियम त्याच्या मागोमाग निघतं आणि
दोन हात खाली कंकर होऊन बसतं.
त्यांची साक्ष धरायची नाही.
विचारायचं ते टायटॅनियमला, थोरियमला, स्कँडियमला.
ही विरघळत नाहीत.
दळली, वाहिली, गाडली गेली तरी
आपल्या खडकाचं नाव सांगतात.

सोळा नमुन्यांनी एकच नाव सांगितलं:
काळा पाषाण.
टायटॅनियम भरपूर, थोरियम नावापुरतं.
ब्रह्मगिरी, अंजनेरी, दारणेच्या डोक्यावरचे कडे,
सगळे एकाच लाव्ह्याचे.
सतराव्याने नाही सांगितलं.

दोन बोटांचा थर, फिकट,
चिमटीत धरला तर पिठासारखा.
थोरियम चौपट. झिर्कोनियम इतकं
की मी चकती पुन्हा केली, यंत्र पुसलं,
मग सुदामला फोन केला:
वरून कुणी ट्रक रिकामा केला होता का,
तापीच्या वाळूचा?
"तिथं शेळी उतरत नाही," तो म्हणाला, "ट्रक कुठला?"

या खोऱ्यात असा खडक नाही.
वरच्या अंगाला कुठेच नाही.
म्हणजे नदीने हा आणलेला नाही.
वारा असेल. कुठल्या तरी कोरड्या शतकांत
उत्तरेकडून धूळ आली असेल,
नदी बारीक झालेली, काठ मोकळा,
तिथे बसली असेल.
मी अहवालात 'बहुधा' लिहिलं.
सरांनी त्याखाली लाल रेघ ओढली.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात.
माझा पगार त्यातल्या पहिल्या अर्ध्यावर चालतो.
दुसऱ्या अर्ध्याला पंचवटीत गेले,
वडिलांच्या अस्थी घेऊन, मार्गशीर्षात.

उपाध्यांनी लाल कापडातली लांब वही सोडली.
आडनाव? पोफळे.
बोट खाली खाली सरकलं, थांबलं.
"हे तुमचे पणजोबा. सही मोडीत आहे.
सोबत भाऊ, दोन सुना, एक तांब्या दान."
आणि गाव?
गावाच्या जागी गाळ.
कुठल्याशा पुरात खालचा कप्पा भिजला होता,
तेव्हापासून तो डाग तिथेच वाळला,
नखाएवढा, तडकलेला.
"हात लावू नका, पान जाईल."

लावला नाही.
पण त्या डागाचं गाव मी न तपासता सांगितलं असतं:
टायटॅनियम भरपूर, थोरियम नावापुरतं.
त्याच्याखालचं नाही.

"तुम्हाला काही आठवतं? घरी कुणी बोलायचं?"
घरी भाकरीला कुणी भानोला म्हणत नसे,
देव कुठला तेही दर लग्नात बदलायचं.
बहुधा खानदेश, मी म्हणाले. बहुधा वऱ्हाड.
त्यांनी पेन झटकलं,
आमच्या नावांखाली सफाईदार अक्षरात लिहिलं:
मूळ गाव ठाऊक नाही. हल्ली मुक्काम नाशिक.
आणि वही बांधली. मागे रांग होती.

सोमवारी अहवाल उघडला.
'बहुधा' खोडलं.
सतराव्या ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
हल्ली मुक्काम निफाड.
सरांनी अजून पाहिलेलं नाही.