कान लांब ठेव

उदगीरला, मोंढ्यामागच्या गल्लीत
मी शाळांचे बिल्ले भरते:
सूर्य, पुस्तक, समई,
कुठल्याही शाळेला चालेल असा उजेड, दहा रुपयांना एक.

नागोराव केंद्रे आले वाढवण्याहून,
रुमालाच्या गाठीत एक चिंधी.
खांद्यावरचा बिल्ला, म्हणे. पलटण कधीच मोडली.
ढाल होती, हिरवी असावी;
तीन शिखरं, मधलं झिजून गेलेलं,
खाली नाल, वर एक जनावर,
आणि तळाशी पट्टीवर ब्रीद,
सुईच्या भोकांवरून वाचावं एवढं विरलेलं.

मी मशीनमधला तयार घोडा काढला:
मान कमानदार, आयाळ उडती, एक पाय उचललेला.
पडद्याकडं बघून म्हातारा हसला नाही.
"घोडं न्हाई ते, माय. खेचर हाय. कान लांब ठीव."

मग स्वतःच काढून दाखवलं,
पेन्सिल मुठीत, खुरपं धरावं तशी:
मान खाली. चारी पाय जमिनीला.
"साहेब लोकांनी एकदा ठरवलं होतं,
घोडा घ्यावा. छातीवर बरा दिसतो.
आमी पोरं बोललो न्हाई काही.
फक्त त्या सकाळी खरारा कुणी केला न्हाई."

शिखरं पांढरी करू का?
"दुपारी पांढरी असायची. आमचं जाणं रातीचं."
राखाडी दोरा ओवला.

नाल अशी उलटी कशी, बाबा? दारावर तर आपण...
"दारावरची रिकामी असती, माय.
हिच्यात पाय हाय."

आमचा पणजा बैलांवर मीठ वाहायचा, म्हणाले,
कोकणातून, तांड्यानं.
भरतीत विचारलं, जनावर हाकता येतं का?
"म्हणलं, हाकत नसतेत त्याला. संगं चालतेत."

ब्रीदाशी मी अडले. दोनच अक्षरं उरलेली.
ते बराच वेळ नालीतल्या पाण्याकडं बघत बसले.
खुरावर डागलेला नंबर आठवला, सातशे चौदा.
उजव्या कानाची चीर आठवली,
कुठल्या वळणावर ते अडायचं, तेही.
ब्रीद नाही आठवलं.
"कोरीच ठीव पट्टी. चढावर कोण बोलतं?"

कोऱ्या पट्टीलाच सगळ्यात जास्त दोरा लागला.

सत्तर रुपये घेतले.
उजव्या कानात एक टाका मी सोडलाय,
सांगितलं नाही त्यांना.
मोंढ्याच्या तोंडाशी, हमालांच्या गर्दीत
थांबलेले दिसले,
अंगठा त्या कानावर.